टी-स्टब जोड आणि एफईएम: कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी: आधी कागद

बीमच्या टोकाची प्लेट (एंड प्लेट) कॉलमला बोल्टनं जोडली की वरच्या बाजूचे बोल्ट ओढीत जातात आणि प्लेट वाकते. ओढीतला हा भाग वेगळा काढला की उरतो टी-स्टब: एक उभी वेब प्लेट, तिच्या तळाशी वेल्ड केलेली आडवी फ्लँज आणि दोन बाजूंना एकेक बोल्ट. हाच तुकडा फायनाइट एलिमेंटनं (एफईएम: वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून संगणकावर सोडवायची पद्धत) सोडवायचा आहे. पूर्ण जोड नंतर. या छोट्या तुकड्यात कॉन्टॅक्ट (भागांचं टेकणं-सुटणं) आहे, बोल्टचा प्रीलोड (आवळताना आलेली ओढ) आहे, प्लॅस्टिसिटी (कायमचं वाकणं) आहे, वेल्डचा टोकदार कोपरा आहे. मोठ्या मॉडेलमध्ये जे जे अडतं ते सगळं इथंही अडतं, फक्त इथं रन मिनिटांत संपतो आणि काय बिघडलं ते शोधता येतं.

दुसरं आणि माझ्या लेखी जास्त महत्त्वाचं कारण म्हणजे याचं उत्तर हातानं काढता येतं. रंगीत चित्र समोर आलं की त्यावर विश्वास बसायला फार वेळ लागत नाही. म्हणून आकडा आधी कागदावर लिहून ठेवायचा, मग संगणक.

मापं अशी. वेब १२ मिमी जाड. फ्लँज २० मिमी जाड, १८८ मिमी रुंद, १०० मिमी लांब. दोन एम२० बोल्ट, ग्रेड ८.८ (ताकद ८०० मेगापास्कल), वेबच्या मध्यापासून ५४ मिमीवर, भोक २२ मिमी. फिलेट वेल्डचा पाय १० मिमी. स्टील एस२७५, म्हणजे २७५ मेगापास्कलला यील्ड होणारं (कायमचं वाकायला लागणारं). असे दोन टी पाठीला पाठ लावून बोल्टनं आवळलेले आणि दोन्ही वेब विरुद्ध दिशांना ओढलेल्या.

युरोकोड ३ (स्टील रचनांचं युरोपीय मानक) च्या भाग १-८ प्रमाणे बोल्टपासून वेल्डपर्यंतचं प्रभावी अंतर ५४ − ६ − ०.८ × १० = ४० मिमी. बोल्टपासून कडेपर्यंतही ४० मिमी. फ्लँजचा प्लॅस्टिक मोमेंट ०.२५ × १०० × २०² × २७५, म्हणजे २.७५ किलोन्यूटन-मीटर. बोल्टचं स्ट्रेस क्षेत्र २४५ चौ. मिमी, त्याची ओढीतली ताकद ०.९ × ८०० × २४५ = १७६.४ किलोन्यूटन. सुरक्षा गुणांक मुद्दाम लावलेला नाही, कारण तुलना मॉडेलशी करायची आहे, डिझाइन नाही.

जोड तीन तऱ्हांनी जाऊ शकतो. फ्लँजमध्ये वेल्डजवळ आणि बोल्टच्या रेषेवर, दोन्हीकडे हिंज (पूर्ण जाडी यील्ड होऊन बिजागरीसारखी वाकणारी जागा) झाले तर २७५ किलोन्यूटन. वेल्डजवळ हिंज होऊन मग बोल्ट गेले तर २४५. नुसते बोल्टच गेले तर ३५३. सगळ्यात लहान आकडा खरा, म्हणून उत्तर २४५ आणि तऱ्हा दुसरी.

यात प्रायिंग लपलेलं आहे. पहारीनं दगड उचकटावा तशी फ्लँज कडेवर टेकून बोल्टला उचकटते. २४५ किलोन्यूटनची ओढ दोन बोल्टांत वाटली तर प्रत्येकी साधारण १२२.६ यायला हवी, पण बोल्टमध्ये १७६.४ असते. मधले ५४ किलोन्यूटन फ्लँजच्या कडेला उमटणाऱ्या दाबाचे. मॉडेलनं हे ५४ दाखवले तर मॉडेल खरं काम करतंय असं मी धरेन. नुसता स्ट्रेसचा रंग जुळून भागणार नाही.

५ फेब्रुवारी: एककं

सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्राम) कॅल्क्युलिक्स, मेश (एलिमेंटची जाळी) जीमेशमध्ये, निकाल पाहायला पॅराव्ह्यू. तिन्ही मुक्त स्रोत, खर्च फक्त वेळेचा. कॅल्क्युलिक्सची इनपुट फाइल साधा मजकूर असते. सुरुवातीला त्याचा कंटाळा येतो, पण दोन रनमध्ये नेमकं काय बदललं हे ओळीनं ओळ तपासता येतं, हा फायदा पुढे फार कामी येतो.

कॅल्क्युलिक्सला एककं कळत नाहीत, आकडेच कळतात. मिलिमीटर आणि न्यूटन धरले की स्ट्रेस मेगापास्कलमध्ये येतो, स्टीलचा ई (ताठपणाचा आकडा) २,१०,००० होतो, आणि घनता टनात लिहावी लागते: ७.८५ × १०⁻⁹ टन प्रति घन मिमी. गुरुत्व त्वरण ९८१०. घनतेच्या जागी सवयीनं ७८५० लिहिलं तर वजन १०¹² पटींनी, म्हणजे एकावर बारा शून्यं इतक्या पटींनी वाढतं, आणि सॉल्व्हर कुठलीही कुरकुर न करता रन पूर्ण करतो.

म्हणून आधी एक साधा कँटिलिव्हर (एका टोकाला जखडलेला बीम): लांबी १००० मिमी, रुंदी ५०, उंची १००, टोकाला १००० न्यूटन. कागदावर टोकाचं डिफ्लेक्शन ०.३८१ मिमी, शिअरचा वाटा धरून ०.३८४. बुंध्याशी स्ट्रेस १२ मेगापास्कल. वेगळ्या रनमध्ये फक्त स्वतःचं वजन: आधाराची ३८५ न्यूटन रिअ‍ॅक्शन यायला हवी. वजनाची ही चाचणी जोडाच्या कामाला लागत नाही, पण एककांचा घोळ पकडायला याहून स्वस्त उपाय नाही.

स्ट्रेस बुंध्याशी तपासू नका. तिथं सगळे नोड (एलिमेंट जोडणारे बिंदू) जखडलेले असतात, बाजूचं आकुंचन अडतं आणि कोपऱ्यात आकडा उगाच चढतो. लांबीच्या मध्यावर तपासा, तिथं ६ मेगापास्कल स्वच्छ मिळतो.

८ फेब्रुवारी: एलिमेंट

तोच कँटिलिव्हर वेगवेगळ्या एलिमेंटनी सोडवून पाहिला. या कामात सगळ्यात जास्त शिकवलं ते या चाचणीनं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आठ नोडचा साधा ब्रिक (विटेच्या आकाराचा एलिमेंट), सी३डी८, उंचीत एकच थर आणि लांबीत पाच तुकडे: डिफ्लेक्शन खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. कारण या एलिमेंटच्या कडा सरळच राहतात. वाकवलं की त्याला वाकता येत नाही, त्याऐवजी तो शिअरमध्ये तिरपा होतो, आणि त्या खोट्या शिअरमध्ये ऊर्जा खर्च होऊन रचना नको तेवढी ताठ दिसते. याला शिअर लॉकिंग म्हणतात. एलिमेंट जितका लांबुळका तितकं लॉकिंग जास्त. चार नोडचा टेट्रा (चतुष्फलक), सी३डी४, याच रोगाचा. जीमेशमध्ये काहीही न बदलता मेश केली तर नेमका तोच हातात येतो.

आठ नोडचाच पण कमी इंटिग्रेशनचा, सी३डी८आर, उलट्या टोकाला जातो. त्याला एकाच बिंदूवर स्ट्रेन दिसतो, आणि वाकताना त्या मध्यबिंदूवर स्ट्रेन शून्यच असतो. मग एका थरात तो वाकण्याला जवळजवळ विरोधच करत नाही आणि मेश वाळूच्या घड्याळासारख्या आकारात डोलते.

सी३डी८आय चांगला निघाला: त्यात वाकण्याची जास्तीची रूपं घातलेली असतात आणि आयताकृती मेशवर उत्तर जवळपास अचूक येतं. मात्र एलिमेंट तिरपे झाले की त्याचा हा गुण कमी होतो. वीस नोडचा सी३डी२०आर आणि दहा नोडचा टेट्रा सी३डी१०, दोघेही इतक्या ढोबळ मेशवरही ०.३८ च्या घरात.

निर्णय: फ्लँज, वेब आणि बोल्ट सी३डी२०आर, वेल्डच्या त्रिकोणी पट्टीत जिथं ब्रिक बसत नाही तिथं पंधरा नोडची पाचर. नुसत्या टेट्रावर काम उरकायचं असेल तर सी३डी१० घ्या आणि फ्लँजच्या जाडीत निदान तीन थर ठेवा. सी३डी४ घेऊ नका.

ताठ आणि ढोबळ मेशची किंमत किती असू शकते याचं उदाहरण नॉर्वेतलं आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये स्लाइप्नर ए या तेल प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया पाण्यात खाली उतरवताना बुडाला. त्याच्या पेशींच्या भिंती जिथं एकमेकींना मिळतात तिथली मेश ढोबळ होती आणि एलिमेंटचे आकार वेडेवाकडे होते. त्या भिंतींमधला शिअर ४७ टक्क्यांनी कमी दाखवला गेला, आणि सळईची मांडणीही त्या जागी अपुरी पडली. नंतर बारीक मेशवर केलेल्या विश्लेषणानं भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं दाखवलं. ती प्रत्यक्षात ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे पद्धतीत सगळी माहिती होती, फक्त मेशनं ती बाहेर येऊ दिली नाही. हे वाचल्यापासून मी एलिमेंटची निवड घाईनं करत नाही.

१३ फेब्रुवारी: मेश

सममिती तिन्ही बाजूंनी आहे, म्हणून दोन टींच्या जोडीचा आठवा भागच घेतला: वेबच्या मध्यातून एक छेद, दोन फ्लँज जिथं टेकतात तिथून दुसरा, आणि बोल्टच्या अक्षातून तिसरा. अर्धा बोल्ट मॉडेलमध्ये राहतो. दुसऱ्या टीच्या जागी एक जखडलेला ठोकळा, ज्यावर फ्लँज टेकेल.

बोल्टचा दांडा २० मिमीचा न घेता १७.६६ मिमीचा घेतला. त्याचं क्षेत्रफळ बरोबर २४५ येतं. आटे मॉडेल केलेले नाहीत. डोकं षटकोनी न घेता ३० मिमी व्यासाचं गोल. वॉशर नाही.

मेश बनली, पण कॅल्क्युलिक्समध्ये चालेना. दोन अडथळे होते, दोन्ही जीमेशकडून फाइल बाहेर काढतानाचे. पहिला: ज्या पृष्ठभागांना आणि कडांना नावं दिली होती त्यांचे द्विमितीय आणि एकमितीय एलिमेंटही फाइलमध्ये लिहिले गेले, सीपीएस आणि टी३डी अशा नावांनी. सॉल्व्हरच्या दृष्टीनं ते खरे एलिमेंट, आणि त्यांना मटेरियल दिलेलं नाही म्हणून तो थांबतो. ते गट फाइलमधून पूर्ण काढून टाकले आणि त्यांच्या जागी फक्त नोडचे संच ठेवले. दुसरा: सेकंड ऑर्डरचा (कडांच्या मध्यावरही नोड असलेला) ब्रिक मागितला की जीमेश सत्तावीस नोडचा देतं, कॅल्क्युलिक्सला वीस नोडचा लागतो. सेटिंगमध्ये 'सेकंड ऑर्डर इनकम्प्लीट' चालू केलं की प्रश्न मिटतो. एवढ्याशा पर्यायानं अख्खी संध्याकाळ घेतली, कारण सॉल्व्हरचा संदेश नोडच्या क्रमांकाबद्दल बोलत होता, एलिमेंटबद्दल नाही.

१५ फेब्रुवारी: अर्ध्याचं अर्धं

आज लोडचे आकडे ठरवले. आठवा भाग असला तरी प्रत्येक राशीचा आठवा हिस्सा घ्यायचा नसतो. वेबवरची ओढ एकाच टीवर लागते, आणि त्या टीचा चौथा भाग मॉडेलमध्ये आहे, म्हणून २४५ ऐवजी ६१.३. बोल्ट मात्र अर्धाच कापलेला आहे, म्हणून त्याचं बळ अर्धं. प्रीलोड ०.७ × ८०० × २४५ = १३७.२ किलोन्यूटन, मॉडेलमध्ये ६८.६.

हे आकडे फाइलच्या माथ्यावर टिपण म्हणून लिहून ठेवले. नंतर निकाल वाचताना कुठला आकडा दुप्पट करायचा आणि कुठला चौपट, हे डोक्यात ठेवायला गेलं की गोंधळ ठरलेला.

बोल्टमधलं बळ मोजायची सोय छान जमली. बोल्टचा मध्यछेद सममितीच्या पातळीवर आहे, तिथले नोड अक्षाच्या दिशेनं जखडलेले आहेत. त्या नोडच्या रिअ‍ॅक्शनची बेरीज म्हणजेच अर्ध्या बोल्टमधली ओढ. नोड प्रिंटला बेरजेचा पर्याय आहे, प्रत्येक टप्प्याला एक ओळ मिळते. ठोकळ्याच्या रिअ‍ॅक्शनची बेरीज म्हणजे कॉन्टॅक्टचा दाब. वेबवरची ओढ आणि कॉन्टॅक्टचा दाब मिळून बोल्टमधल्या ओढीएवढे भरले नाहीत तर पुढचं काहीही पाहायचं नाही.

१८ फेब्रुवारी: कॉन्टॅक्ट

पहिला रन पहिल्याच टप्प्यात पडला. विस्थापनं अब्जांत. कारण सरळ आहे: आडव्या दोन दिशांना सममितीच्या पातळ्या टी-ला धरून ठेवतात, पण वर-खाली जाण्यापासून त्याला कॉन्टॅक्टशिवाय कुणीच अडवत नाही. आणि कॉन्टॅक्ट तर अजून लागलेलाच नाही. गोल भोकाजवळ मेशच्या बारीक फरकामुळे डोकं आणि फ्लँज यांच्यात केसाएवढी फट होती. तेवढ्यानं टी हवेत सुटा झाला.

तीन गोष्टी केल्या, आणि तिन्ही लागल्या. कॉन्टॅक्ट पेअरमध्ये 'अ‍ॅडजस्ट' देऊन सुरुवातीच्या फटी बुजवल्या. वेबच्या माथ्याला १ न्यूटन प्रति मिमी एवढी मऊ स्प्रिंग जोडली: टी ३ मिमी हलला तरी ती ३ न्यूटनच ओढेल, म्हणजे उत्तरात तिचा वाटा शून्यासारखाच. आणि प्रीलोड एका दमात न देता आधी शंभरावा हिस्सा देऊन कॉन्टॅक्ट बसू दिला, मग पूर्ण.

त्यानंतर रन चालला, पण प्रीलोडनंतर फ्लँज ठोकळ्यापासून वर उचललेली दिसली. प्रीटेन्शन सेक्शनला (बोल्ट ज्या छेदावर आवळला जातो त्याला) जी लंब दिशा द्यायची असते ती उलटी होती, त्यामुळे बोल्ट आवळण्याऐवजी लांबत होता. स्ट्रेसच्या चित्रात हे कळलं नसतं. विकृत आकार पाचशे पटींनी वाढवून पाहिला म्हणून दिसलं. दिशा सुलटी केली, ठोकळ्यावरचा दाब ६८.६ किलोन्यूटन भरला.

पुढच्या टप्प्यात बोल्टवर तेच बळ कायम ठेवायचं नसतं. तसं केलं तर बोल्टमधली ओढ कधी वाढणारच नाही, प्रायिंग दिसायचा प्रश्नच मिटतो. आवळून झाल्यावर त्या छेदाची लांबी गोठवायची आणि बळ मोकळं सोडायचं. कॅल्क्युलिक्समध्ये बाउंडरीला 'फिक्स्ड' हा पर्याय नेमका याचसाठी आहे.

कॉन्टॅक्टचा ताठपणा स्टीलच्या ई-च्या दहा पट ठेवला. कॅल्क्युलिक्सच्या माहितीपुस्तिकेत ५ ते ५० पटींची शिफारस आहे. शंभर पट केला तर एकेका टप्प्याला पुनरावृत्त्या वाढत जातात आणि उत्तर काही बदलत नाही. एक पट केला तर फ्लँज ठोकळ्यात रुतलेली डोळ्यांनी दिसते.

एक वेगाची गोष्ट. सॉल्व्हर किती कोअर वापरेल हे ओएमपी_नम_थ्रेड्स या व्हेरिएबलनं ठरतं. ते दिलेलं नसलं तर एकाच कोअरवर रन रखडत चालतो.

२१ फेब्रुवारी: वेल्डचा कोपरा

प्लॅस्टिसिटी अजून घातलेली नाही, सगळं इलॅस्टिक. वेल्डच्या पायथ्याशी, जिथं ती फ्लँजला टेकते, तिथं स्ट्रेस पाहिला. मेश बारीक केली, वाढला. अजून बारीक केली, अजून वाढला.

इथं पुष्कळ जण मेश आणखी बारीक करत बसतात. त्याचा काही उपयोग नाही. आतल्या बाजूच्या टोकदार कोपऱ्यात इलॅस्टिक सिद्धांताप्रमाणे स्ट्रेस अनंतच असतो, सॉल्व्हर फक्त आपल्या एलिमेंटच्या आकाराइतकं जवळ जाऊन जे दिसतं ते सांगतो. काटकोनात आत वळणाऱ्या कोपऱ्यासाठी तर वाढीचा दरही ठाऊक आहे: कोपऱ्यापासूनचं अंतर निम्मं केलं की स्ट्रेस सुमारे १.३७ पट. वेल्डच्या पायथ्याशी कोन जरा मोकळा असतो, म्हणून वाढ थोडी हळू, पण थांबत ती नाहीच. मेश निम्मी करताना तुमचा आकडा प्रत्येक वेळी साधारण त्याच पटीत चढत असेल तर ती जागा सिंग्युलर आहे, अपुऱ्या मेशची नाही. हे ओळखायला दोन-तीन रन पुरतात.

फटीग (वारंवार भारानं येणारा थकवा) तपासायचं असतं तर कोपऱ्यावरचा आकडा सोडून देऊन जाडीच्या ०.४ आणि १.० पट अंतरावरचे पृष्ठभागावरचे स्ट्रेस घेतले असते, इथं म्हणजे ८ आणि २० मिमीवरचे, आणि पहिल्याच्या १.६७ पटीतून दुसऱ्याची ०.६७ पट वजा केली असती. तो हॉट-स्पॉट स्ट्रेस मेशवर फारसा अवलंबून राहत नाही. माझा प्रश्न शेवटच्या ताकदीचा आहे, म्हणून कोपऱ्याचा स्ट्रेस मी पाहणार नाही, स्ट्रेन पाहणार.

२५ फेब्रुवारी: प्लॅस्टिसिटी

मटेरियल: फ्लँज २७५ ला यील्ड होते, पुढे ई-च्या शंभराव्या हिश्शाचा उतार. युरोकोड ३ च्या भाग १-५ मधल्या परिशिष्टात ही सोपी वक्ररेषा मान्य आहे. बोल्ट ६४० ला यील्ड. तुमच्याकडे प्रत्यक्ष चाचणीची वक्ररेषा असेल तर ती तशीच घालू नका. सॉल्व्हरला ट्रू स्ट्रेस लागतो, म्हणजे मोजलेला स्ट्रेस गुणिले (१ + स्ट्रेन). आणि स्ट्रेनच्या रकान्यात फक्त प्लॅस्टिक स्ट्रेन: लॉगरिदमिक स्ट्रेनमधून इलॅस्टिक भाग वजा करून. पहिल्या ओळीत प्लॅस्टिक स्ट्रेन शून्य असलाच पाहिजे.

बळ वाढवत नेलं तर २४५ च्या अलीकडेपर्यंत ठीक, नंतर टप्पे लहान लहान होत जाऊन रन थांबतो. हिंज झाल्यावर रेषा आडवी व्हायला लागते आणि मग थोड्याशा जास्तीच्या बळाला उत्तरच सापडत नाही. त्यामुळे बळ देणं सोडलं, वेबच्या माथ्याला विस्थापन दिलं आणि रिअ‍ॅक्शन वाचली. रन सुरळीत झाला. भौमितिक नॉन-लिनिअरिटीही (आकार बदलला की त्याचा परिणाम गणितात धरणं) चालू केली. २० मिमीच्या फ्लँजला तिचा फरक किरकोळ आहे, पण चालू ठेवायला खर्च काहीच नाही.

मग एक गोष्ट खटकली. काही नोडवर व्हॉन मिसेस स्ट्रेस (यील्डशी ताडून पाहायचा एकत्रित स्ट्रेस) मटेरियलच्या वक्ररेषेपेक्षाही वर दिसत होता. हे अशक्य. इनपुट पुन्हा पुन्हा तपासलं, ते बरोबर होतं. खरं कारण असं की सॉल्व्हर स्ट्रेस काढतो तो एलिमेंटच्या आतल्या इंटिग्रेशन बिंदूंवर. तिथं तो वक्ररेषा पाळतोच. चित्रात दिसतो तो तिथून नोडपर्यंत ताणून नेलेला आणि शेजारच्या एलिमेंटबरोबर सरासरी काढलेला आकडा. जिथं स्ट्रेस झपाट्यानं बदलतो तिथं हे ताणणं मर्यादा ओलांडतं. एलिमेंट प्रिंटमधून इंटिग्रेशन बिंदूंचे आकडे काढले, सगळे रेषेत. याच कारणानं वेल्ड आणि फ्लँज वेगळ्या मटेरियलचे असतील तर सीमेवरच्या सरासरीवरही भरवसा ठेवू नका, दोन्ही भाग वेगवेगळे पाहा.

१ मार्च: बोल्ट काय सांगतो

ज्या आलेखासाठी एवढं केलं तो आज मिळाला: आडव्या अक्षावर टी-वरची ओढ, उभ्या अक्षावर एका बोल्टमधली ओढ.

सुरुवातीला रेषा जवळजवळ सपाट. १३७ पासून बोल्ट हलतच नाही, कारण वाढणारी ओढ आधी फ्लँज आणि ठोकळा यांच्यातला आवळलेला दाब सैल करण्यात जाते. मग बोल्टखालची फ्लँज सुटते आणि रेषा वर वळते. त्या वळणानंतरचा चढ एकास अर्धा असायला हवा होता, प्रायिंग नसतं तर. तो त्याहून स्पष्ट तीव्र आहे. ठोकळ्यावरचा दाबही याला साक्ष देतो: आधी बोल्टभोवती गोल ठिपका होता, तो सरकत सरकत फ्लँजच्या बाहेरच्या कडेला चिकटलेली पट्टी झाला.

बोल्ट १७६.४ ला पोचला तेव्हाची टी-वरची ओढ सूत्राच्या २४५ पेक्षा जास्त निघाली, पण दहा टक्क्यांच्या आत. प्रायिंगही ५४ पेक्षा थोडं कमी. दोन्ही फरक एकाच दिशेचे आहेत आणि त्यांची कारणं दिसतात. सूत्र बोल्टला एका रेषेवर धरतं, मॉडेलमध्ये ३० मिमीचं डोकं फ्लँजला रुंदीनं दाबतं, त्यामुळे वाकण्याची भुजा प्रत्यक्षात ४० हून आखूड. आणि सूत्रात हिंज २७५ वरच थांबतो, मॉडेलमध्ये तो पुढे थोडा कडक होत जातो. हिंज नेमका वेल्डच्या पायथ्याशी आहे. बोल्टच्या रेषेवर पृष्ठभाग यील्ड झालाय पण पूर्ण जाडी नाही. म्हणजे दुसरीच तऱ्हा.

त्या क्षणी सगळ्यात मोठा प्रिन्सिपल स्ट्रेन कोपऱ्याचा एक एलिमेंट सोडला तर ५ टक्क्यांच्या खूप खाली. ५ टक्के ही युरोकोडच्या भाग १-५ मधल्या त्याच परिशिष्टातली मर्यादा.

४ मार्च: काय हलवलं तर काय हलतं

प्रीलोड शून्य करून रन. शेवटची ताकद बदलली नाही म्हणावी इतकी, पण सुरुवातीचा ताठपणा निम्म्यावर आला. हे अपेक्षितच होतं आणि तरीही बघून बरं वाटलं, कारण पूर्ण जोडाच्या मॉडेलमध्ये फिरण्याचा ताठपणा हवा असेल तर प्रीलोड वगळता येणार नाही.

घर्षण ०.२ आणि शून्य: ओढीच्या या जोडात फरक नगण्य, पण घर्षण असताना पुनरावृत्त्या कमी लागल्या. जाडीत चारच्या जागी सहा थर: बोल्टचा आलेख आधीच्यावर तंतोतंत बसला. डोकं ३० ऐवजी २६ मिमी: ताकद उतरून सूत्राच्या बरीच जवळ आली. डोक्याच्या रुंदीबद्दलचा अंदाज म्हणजे बरोबर होता.

७ मार्च: १२ मिमीची फ्लँज

जाडी २० वरून १२ वर आणली, बाकी सगळं तेच. कागदावर प्लॅस्टिक मोमेंट ०.९९ किलोन्यूटन-मीटर, पहिली तऱ्हा ९९ किलोन्यूटन, दुसरी २०१. पहिलीच लागू.

मॉडेलमध्ये चारही हिंज स्वच्छ दिसतात, दोन वेल्डपाशी, दोन बोल्टच्या रेषेवर, आणि आलेखाला ९९ च्या थोडं वर गुडघा आहे. पण त्यापुढे तो आडवा होत नाही, चढतच राहतो. भौमितिक नॉन-लिनिअरिटी बंद करून तोच रन केला तर हा चढ बराच मंदावतो. पातळ फ्लँज वाकून तिरपी झाली की ती वाकण्यानं नव्हे तर ओढीनं भार वाहायला लागते, आणि बोल्ट त्या वेळी ओढीबरोबर आडवेही वाकतात. इथं ती सेटिंग चालू ठेवणं ऐच्छिक नाही.

एंड प्लेट पातळ असेल तर पूर्ण जोडात हेच होणार. तिथं ताकद वाचायची ती गुडघ्यापाशी, आणि बोल्टमधला वाक वेगळा तपासायचा. त्यासाठी दांड्याच्या छेदात निदान चार एलिमेंट लागतील. सध्या दोन आहेत, ते उद्या वाढवतोय.